दाभणबाई आणि वहीतली पहिली ओळ

गोदामातले हमाल त्यांना दाभणबाई म्हणायला लागले तेव्हा त्यांचा मुलगा अजून रांगत होता. आता त्या मुलाच्या डोक्यावरचे केस मोजता येतील इतके उरलेत, तरी नाव तेच आहे. धान्याची फाटलेली पोती शिवायची, हे त्यांचं काम. वीतभर लांब दाभण, त्यात ओवलेली सुतळी, मांडीवर पोतं आणि तोंडाचा पट्टा चालू, अशी एकतीस वर्षं गेली. पोत्याला पडलेलं भोक उंदराचं की हमालाच्या आकड्याचं, हे त्या डोळे मिटून नुसतं बोट फिरवून सांगायच्या. उंदराच्या भोकाला दात असतात आणि आकड्याच्या भोकाला शेपूट असतं, असं त्यांचं शास्त्र होतं.

त्यांची सून शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. म्हणजे घरात दोघीही शिवणाऱ्याच, पण एकीच्या टाक्याला दुसरी टाका म्हणायला तयार नव्हती. सासू म्हणायची, तुझा टाका बघायला भिंग घेऊन बसावं लागतं. सून म्हणायची, तुमच्या दोन टाक्यांमधून मांजर निघून जाईल. मधे बसून जेवणारा मुलगा बस डेपोत टायर बदलायचा. तो दोघींकडे सारखंच बघून मान हलवायचा आणि ताटातलं संपवायचा.

दोन वर्षांपूर्वी दाभणबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि मुलाने फर्मान काढलं की आईने आता गोदामात जायचं नाही. एकतीस वर्षं कामाला गेलेली बाई घरात बसली की घराचं काय होतं, हे ज्याच्या घरात बसते त्यालाच कळतं. सुनेने भाजीत मीठ घातलं की सासूबाई आपलं एक चिमूट वर घालायच्या. विसरून नाही हं. सुनेचं मीठ त्यांना भीत भीत घातल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा सून हसली, दुसऱ्यांदा गप्प बसली, आणि दहाव्यांदा जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या तेव्हा वैतागून बोलून गेली की आमच्या सासूबाईंचं काही खरं नाही, आता त्यांना आठवत नाही, दोन-दोनदा मीठ घालतात. या काकू दिवसभर खिडकीत असायच्या म्हणून सगळे त्यांना खिडकीकाकू म्हणायचे. जिन्यात बोललेलं त्यांच्यापर्यंत गेलं म्हणजे ते पत्र्यावर छापून टांगल्यासारखंच होतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी सून कारखान्यातून आली ती साठ कॉलरी परत आल्याचा राग डोक्यात घेऊन. घरात येऊन बघते तर तिची चांगली चामड्याची पर्स खुंटीला लटकलेली, आणि पर्सचा उसवलेला पट्टा सुतळीने शिवलेला. टाके बोटभर. गाठ सुपारीएवढी. सासूबाई बाजूला उभ्या, चेहरा असा की आता शाबासकी येणार.

सुनेच्या तोंडून जे निघालं ते तिला नंतर कितीतरी वेळा आठवलं. ती म्हणाली, "घरात बसून हेच करा. एक काम धड नाही. कुणाला तरी उपयोग आहे का हो तुमचा?"

एरवी दाभणबाईंनी एका शब्दाला चार दिले असते. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या. घरात एवढी शांतता झाली की सुनेला स्वतःच्या बांगड्या वाजलेल्या नकोशा झाल्या. मुलगा रात्रपाळीला होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी सून उठली तर सासूबाईंचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं आणि त्या घरात नाहीत. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. तोंडाला तोंड देणं तेवढं टळलं. गेल्या असतील कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करायला, असं म्हणून ती कामावर गेली. अर्ध्या दिवसाची सुट्टी होऊन दोन वाजता परत आली तेव्हा सासूबाईंसाठी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.  तिने नवऱ्याला उठवलं, दोघांनी गल्ली पालथी घातली, दवाखान्यात विचारलं, आणि चार वाजता तिघं पोलीस चौकीत जाऊन उभी राहिली. तिघं म्हणजे नवरा, बायको आणि न बोलावता आलेल्या खिडकीकाकू.

चौकीतला हवालदार माणूस वाईट नव्हता. उलट म्हातारी हरवली म्हटल्यावर त्याने समोरचं दुसरं काम बाजूला सारलं, सुनेला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. त्याची स्वतःची आई तीन वर्षांपूर्वी अशीच घरातून निघून गेली होती. तिला काही आठवत नसे. दोन दिवसांनी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ती लहानपणी राहायची त्या घराच्या पायरीवर सापडली होती. तेव्हापासून हरवलेली म्हातारी म्हटली की हवालदाराला सगळं आधीच पाठ असायचं.

वय त्याने विचारलं, अंगावर काय होतं ते विचारलं, पैसे, दागिने, कपडे काही नेलंय का ते विचारलं. काही नेलेलं नव्हतं. मग त्याने पेन उचलून सरळ विचारलं, "विसरायला होतं का त्यांना?"

सून तोंड उघडणार एवढ्यात खिडकीकाकू म्हणाल्या, "होतं ना. हीच सांगत होती मला. मीठ दोन-दोनदा घालतात."

हवालदाराने सुनेकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं, कारण त्याच्यासाठी ही बातमी नवीन होती. आता नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न तयार होता. मग गेल्या कशाला? घरात काही बोलाचाली झाली होती का? आणि नवऱ्यादेखत, काकूंदेखत ते शुक्रवारचं वाक्य परत उच्चारायचं, म्हणजे सुनेला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "होतं थोडं."

हवालदाराने वहीत पहिली ओळ लिहिली. हरवलेल्या बाईंना विस्मरणाचा आजार आहे. अक्षर सुंदर होतं. ती ओळ पानाच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि त्यापुढे दोन दिवस जे काही झालं ते सगळं तिच्या तालावर झालं.

आता विसरणारी म्हातारी शोधायची म्हटल्यावर कुठे शोधतात? बागेतल्या बाकांवर, बसच्या थांब्यांवर, रेल्वे स्टेशनच्या फलाटावर. पोलीस तिथे गेले. हवालदाराने आपल्या अनुभवावरून दाभणबाईंचं माहेरचं घर शोधून काढलं. तिथे आता सायकलींचं दुकान होतं. दुकानदार बिचारा रविवारचा दिवसभर पायरीवर नजर ठेवून बसला. मुलाने गोदामाचं नाव काढलं तेव्हा हवालदाराने तिकडेही शिपाई पाठवला, नाही असं नाही. शिपायाने फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, कुणी भरकटलेली, रस्ता विचारत फिरणारी म्हातारी दिसली का. वॉचमन म्हणाला, नाही. आणि ते अगदी खरं होतं. भरकटलेली म्हातारी त्याने पाहिलीच नव्हती. शिपायाने वहीत तसं लिहिलं आणि गोदाम यादीतून गेलं.

चौकातला चहावाला मात्र आपणहून पोलीस चौकीत सांगायला आला. शनिवारी सकाळी साडेसहाला दाभणबाई त्याच्या गाडीसमोरून गेल्या. हातात पिशवी होती. तो चहाला थांबा म्हणाला तर त्या म्हणाल्या, परत येताना. आणि इतक्या तरातरा गेल्या की मागून त्याला गुडघेदुखीचं काही दिसलंच नाही.

हवालदाराने त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला की लोकांना मदत करायची हौस असते, कालची आठवण आजची म्हणून सांगतात. आजारी बाई अशी ठरवून, पिशवी घेऊन, घाईघाईने जात नाही. त्या दुसऱ्याच कुणीतरी असणार. चहावाल्याची साक्ष वहीत चढलीच नाही. चहावाला जाताना एवढंच म्हणाला की वीस वर्षं मी त्यांना उधारीवर चहा पाजलाय, त्यांना ओळखायला मला चष्मा लागत नाही. पण ते त्याने कुणालाच उद्देशून म्हटलं नाही.

सुनेच्या मनात तेव्हा उठून बोलायचं आलं होतं. तिने ओठ उघडलेही. पण खिडकीकाकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हटलं, तू किती केलंस गं त्यांचं, आणि त्या एका वाक्यावर तिने ओठ परत मिटले.

रविवारी संध्याकाळी कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर, कचऱ्याच्या ढिगाजवळ, दाभणबाईंच्या चपला सापडल्या. डाव्या चपलेला सुतळीची दुरुस्ती होती, त्यामुळे ओळखायला काही अडलं नाही. मुलगा चपला हातात घेऊन खाली बसला तो उठेचना. हवालदाराच्या वहीतली गोष्ट आता पुरी होत आली होती. बाईंना आठवत नाही, बाई निघाल्या, भरकटल्या, चपला सुटल्या, अनवाणी कालव्याकडे गेल्या. पुढची ओळ त्याने लिहिली नाही, पण सोमवारी सकाळी कालव्यावर बांबू आणि दोर घेऊन माणसं बोलावली.

सोमवारी सकाळी घरात सून एकटीच होती. नवरा कालव्यावर. तिला कुणी तिथे जाऊ दिलं नव्हतं, बायकामाणसांनी बघू नये असं म्हणून. ती सासूबाईंच्या पलंगावर बसली. कुठे हात लावावा कळेना म्हणून तिने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत सासूबाईंचं सगळं राज्य होतं. जुनी ओळखपत्रं, मुलाचं पहिलं पगाराचं पाकीट, एक फुटका आरसा. शनिवारी पोलिसांनी विचारलेलं सगळं पेटीत जागच्या जागी होतं. पण दाभण नव्हता.

तिने पेटी उलटी केली. सुतळीचा गुंडा नव्हता. गुडघ्याला चढवायचा पट्टा नव्हता. उठून स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा छोटा डबा नव्हता आणि पाण्याची बाटलीही. ती तशीच ओट्याला धरून उभी राहिली. जिला आपण कुठे चाललो तेच आठवत नाही, ती बाई गुडघ्याचा पट्टा आठवणीने बरोबर घेते का? सासूबाई कामावर गेल्या होत्या. उपयोग काय तुमचा, असं विचारलं होतं ना. त्या उत्तर द्यायला गेल्या होत्या.

ती कालव्यापर्यंत धावत गेली. तिथे वीसेक माणसं होती, पाण्यात बांबू घालून ढवळत होती. नवरा काठावर उकिडवा बसला होता. हवालदार तिला अडवायला पुढे आला तर तीच त्याच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, त्यांना विसरायला होत नाही. मी खोटं बोलले."

हवालदाराला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने सगळं सांगितलं. मिठाचं सांगितलं, पर्सचं सांगितलं, आणि शुक्रवारचं वाक्य जसंच्या तसं, एक शब्द न गाळता सांगितलं. बांबूवाले थांबले. नवरा उठून उभा राहिला होता, त्याच्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. शेवटी ती म्हणाली, "दाभण घेऊन गेल्यात त्या. पाण्यात कुणी दाभण घेऊन जात नाही."

 हवालदाराने टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "बाई, हे शनिवारी सांगितलं असतंत तर."

"तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "आता आधी चला. शिव्या नंतर द्या."

त्या माणसाचं एक मानलं पाहिजे. आपलं चुकलं हे कळायला त्याला दोन दिवस लागले, पण कळल्यावर दोन मिनिटं लागली नाहीत. चहावाला म्हणाला होता, हे त्याने स्वतःच्याच तोंडाने म्हटलं आणि गाडी गोदामांकडे वळवली.

फाटकावर वॉचमन होता. आठ महिन्यांपूर्वी कामाला लागलेला, आधी कुठल्याशा दागिन्यांच्या दुकानाच्या दाराशी उभा असायचा, गणवेशाची इस्त्री अजून तशीच कडक. हवालदाराने तोच जुना प्रश्न विचारायला सुरुवात केली, म्हातारी दिसली का म्हणून. सुनेने त्याला मधेच थांबवलं आणि विचारलं, शनिवारी चपला दिसल्या होत्या का?

"चपला होत्या की," वॉचमन म्हणाला. "तीन नंबरच्या दाराशी. एकीवर एक आडवी टाकलेली. जुन्या होत्या, दार लावताना मी उचलून मागच्या भिंतीवरून कालव्याच्या बाजूला फेकून दिल्या."

"मग परवा सांगितलं का नाही?" हवालदार म्हणाला.

"चपलांचं कुणी विचारलंच नाही साहेब."

 सुनेच्या घरातल्या न्हाणीघराची कडी लागत नसे. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाईंनी तिला सांगितलं होतं की आत जाताना बाहेर चपला फुलीसारख्या आडव्या टाकायच्या, म्हणजे आत माणूस आहे. तिला ते गावंढळ वाटलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, हसू नकोस, गोदामात यावर जीव टांगलेला असतो. तिथल्या दारांना कड्या बाहेरूनच. पोती शिवणारी बाई थप्पीच्या मागे बसलेली दारातून कुणाला दिसायची नाही. म्हणून दाराशी चपला आडव्या असल्या की एकही हमाल त्या दाराला हात लावायचा नाही, मग मालक का ओरडेना. गोदामातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की नव्या वॉचमनला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तीन नंबरचं गोदाम अगदी टोकाला होतं. जुना माल होता, महिनोन् महिने कुणी फिरकत नसे. फक्त शनिवारी सकाळी हवेसाठी दोन तास दार उघडायचं आणि परत कडी-कुलूप घालायचं. म्हणजे पुढचा शनिवार उजाडेपर्यंत ते दार उघडलं नसतं. हा हिशेब सगळ्यांच्या मनात एकाच वेळी झाला असावा, कारण चावी आणायला वॉचमन चालत गेला नाही, पळत गेला.

दार उघडलं. आतून धान्याचा आणि तागाचा कोंडलेला वास आला. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी खाली येत होती, बाकी अंधार. पोत्यांची थप्पी छतापर्यंत रचलेली. मुलाने हाक मारली. हवालदाराने हाक मारली. काही नाही.  मग सुनेने हाक मारली, "आई."

थप्पीच्या मागून, खालून, खरखरीत आवाज आला. "सावकाश या. डावीकडची पोती सुटलीत. धक्का लावाल तर सगळी माझ्या डोक्यावर येतील."

मुलगा तिथेच रडायला लागला. हवालदाराने भिंतीला टेकून एक मोठा श्वास सोडला, जणू तोच दोन दिवस आत कोंडला होता.

एक नंबरच्या गोदामातून हमालांना बोलावलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही, दाभणबाई आत आहेत म्हटल्यावर सहाजण धावत आले. भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढाच बोळ असतो. त्या बोळात त्या बसल्या होत्या आणि खालची कुरतडलेली पोती रिकामी होऊन वरची घसरली होती. बोळाचं तोंड बंद झालं होतं, आणि एका पोत्याखाली त्यांचा उजवा पाय अडकला होता. पोती काढायला दीड तास लागला. त्यातला निम्मा वेळ हमालांनी त्यांच्या सूचना ऐकण्यात घालवला. उजवीकडचं आधी. अरे वरचं नको, त्याच्यावर सगळा भार आहे. तुला कुणी हमाल केला रे?

शेवटचं पोतं निघालं तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ फुटलेले, केसांत भुसा, पाय सुजून भोपळ्यासारखा. हातात दाभण. आणि हात पोचेल तिथपर्यंतची सगळी पोती शिवलेली. हमालांनी मोजली, सतरा भरली. सून त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि वेड्यासारखं म्हणाली, "अंधारात शिवलीत?"

"बसून काय करू मग?" त्या म्हणाल्या. "पाणी दे आधी."

बाटलीतलं पाणी त्यांनी घोट घोट करून रविवार संध्याकाळपर्यंत पुरवलं होतं. डब्यातलं शनिवारी संपलं. मग फाटक्या पोत्यातले गहू चघळले. ओरडून ओरडून आवाज बसला तेव्हा ओरडणं बंद केलं, कारण बाहेर हमालांची चाहूल लागली असती तेव्हा हाक मारायला तो लागलाच असता. आपण आत आहोत हे बाहेर कुणाला कळणार नाही, असं त्यांना पहिला दिवसभर वाटलंच नाही. चपला दाराशी आहेत, कुणीतरी बघेलच. रविवारी दुपारी मात्र जरा वाटलं, असं त्या म्हणाल्या. 

बाकीचं हळूहळू कळलं. गुरुवारी बाजारात त्यांना गोदामाचे मुकादम भेटले होते. तीन नंबरात खालची पोती उंदरांनी खाल्लीत, यंत्राने पोती शिवणारा बोळात शिरत नाही, बाई तुम्हीच या शनिवारी, असं म्हणाले होते. त्या म्हणाल्या होत्या, बघते. मुलगा नको म्हणेल हे त्यांना माहीत होतं. शुक्रवारनंतर बघायचं काही उरलं नाही. मुकादम शुक्रवारीच लेकीच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेले, आणि शनिवारी सकाळी त्या आत गेल्या तेव्हा वॉचमन फाटकाजवळच्या टपरीवर चहा पीत होता.

दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. तरुण डॉक्टरने पोलिसांच्या कागदावर विस्मरणाचा आजार वाचून त्यांना हळूच विचारलं, आजी, आज वार कोणता? त्या म्हणाल्या, सोमवार, आणि झरोक्यात दोनदा उजाडताना पाहिलंय. मग डॉक्टरने शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्यांनी दोनपर्यंत खाली येऊन दाखवलं आणि विचारलं, आता तुम्ही एकतीसचा पाढा म्हणता का? डॉक्टर गडबडीने दुसऱ्या खाटेकडे गेला.

मंगळवारी सकाळी हवालदार वही घेऊन आला. सून उशाशी होती. त्याने खुर्ची ओढली, वही मांडीवर उघडली, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला की ही मला काढायची आहे. सुनेने मान खाली घातली. पण हवालदाराने तिचं नावही काढलं नाही. तो म्हणाला, "चूक माझी आहे. माझ्या आईचं असं झालं होतं, म्हणून मला वाटलं सगळं कळलं. चहावाला सांगत होता, ते मी कानाआड केलं. चपला कुणी कुठून टाकल्या, ते विचारलं नाही."

"तुमची आई बरी आहे का?" दाभणबाईंनी विचारलं.

"गेली. दीड वर्ष झालं."

 त्या म्हणाल्या, "म्हणजे दोन दिवस तुम्ही तिलाच शोधत होतात."

हवालदाराने वहीत डोकं घातलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण शोधत बसला. मग त्याने पट्टी लावून पहिली ओळ खोडली आणि विचारलं, घर सोडून जाण्याचं कारण काय लिहू? त्या म्हणाल्या, लिहा, कामाला गेले होते. त्याने तेवढंच लिहिलं. जाताना वळून सुनेला म्हणाला की गोदामात आता प्रत्येक नव्या माणसाला चपलांचं सांगतील, मी स्वतः सांगून आलोय, आणि दारांना आतून कड्या बसवायचं मालकाने कबूल केलंय. दाभणबाई म्हणाल्या, कबूल तर तो दहा वर्षं करतोय.

हवालदार गेला. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. कालव्यावर ऐकलं तेव्हापासून तो बायकोशी कामापुरतंच बोलत होता, आणि तिलाही ते बरोबरच वाटत होतं. खोलीत दोघीच उरल्या.  सून खाटेच्या काठावर टेकली आणि म्हणाली, "आई, त्या वहीत ते मीच लिहायला लावलं. तुम्हाला विसरायला होतं, असं मीच सांगितलं."

"माहीत आहे. तुझ्या खिडकीकाकू काल फळं घेऊन आल्या होत्या, त्यांनी सगळं सांगितलं. कालव्यावर काय बोललीस तेसुद्धा." त्यांनी जरा उशी सारखी केली. "सगळ्यांदेखत, शब्दन् शब्द, म्हणे."

"हो."

"मला वाटलं होतं तेवढं तुझ्याच्याने होणार नाही."

सून रडायला लागली. गेले तीन दिवस अडकलेलं सगळं आता एकदम बाहेर पडत होतं, तिला आवरेना. दाभणबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन दिवस दाभण धरून धरून त्या हाताची बोटं अजून वाकडीच होती.

"एक बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मला विसरायला होतं असं तू लिहून दिलंस. आता शुक्रवारी तू काय बोललीस ते मी विसरले, तर कुणी मला नावं ठेवणार नाही."

सून रडता रडता हसली आणि मग परत रडायला लागली.

"रड, रड," त्या म्हणाल्या. "पण जरा पलीकडे सरकून रड. प्लास्टरवर बसलीयेस."